पलंगावरून फ्लेमिंगो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यावरचा लेख वाचला. लेखकाची भाषा छान आहे, त्यांची कॅराव्हॅनही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) छानच असणार. पण 'गाडी थेट पाण्याकाठी लावा, पडदा सारा आणि पलंगावर लोळत फ्लेमिंगो पाहा' हे वाक्य तुमच्याकडे कोणालाच कसे खटकले नाही? 1986 पासून ते अभयारण्य आहे. 2019 मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले, तेव्हा तुम्हीच पान भरून कौतुक केले होते. आता तिथे पलंग टाकायला निघालात.

कॅराव्हॅनचे सुख काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. गेल्या हिवाळ्यात माझा ठाण्याचा मावसभाऊ अशीच एक गाडी भाड्याने घेऊन सहकुटुंब आला. 'दादा, स्वयंपाक गाडीत, झोप गाडीत, वहिनींना कसलाही त्रास नाही.' (फ्लेमिंगोच पाहायचे तर ते त्याच्या घराजवळच्या खाडीत आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. पण पाहुण्याला हे कसे सांगणार?) गाडी आमच्या गल्लीत शिरेना, वरच्या वायरी आडव्या. कोपऱ्यावरच उभी केली आणि आम्ही डबे घेऊन चढलो.

सायखेड्याचा पूल ओलांडेपर्यंत मजा होती. पुढे गळीत हंगाम. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, रस्ता एकाच्याच रुंदीचा. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ट्रॅक्टरवाला शांतपणे खाली उतरला आणि म्हणाला, 'साहेब, मागं तुम्हीच घ्या. दोन ट्रॉल्या लावून मला माघारी जाता येत असतं तर मी सर्कशीत नसतो का?' बरोबरच होते त्याचे. ते धूड उलटे नेताना पोरांनी मागच्या काचेतून दिशा दाखवली. डाव्या बाजूची शिडी बाभळीने ओरबाडली, त्याचे पैसे भावाच्या अनामतीतून कापले गेले ते वेगळेच.

अभयारण्यात चापडगावला मात्र मन भरले. गाइड पोरगा हुशार. दुर्बिणीत पाहायच्या आधीच त्याने सांगितले, 'आता बघा, मार्श हॅरियर आला की वारकरी गोळा होतील.' (वारकरी म्हणजे इथले काळे पाणपक्षी, मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी.) आणि तसेच झाले. पाण्यावर पसरलेले शेकडो काळे वारकरी तो शिकारी डोक्यावर येताच एकमेकांना खेटले, पाण्यावर काळी सतरंजी अंथरल्यासारखे. तो पुढे गेला, ते सैल झाले. भावाची धाकटी तेवढ्यासाठी तासभर हलली नाही. फ्लेमिंगो दिसले नाहीत. धरणातले पाणी खालीवर झाले की पक्षीही जागा बदलतात, ते पर्यटकांच्या सोयीने निरीक्षण मनोऱ्यासमोर उभे राहत नाहीत. एवढेसुद्धा तुमच्या लेखात नाही.

आता मुक्कामाचे. संध्याकाळी फाटकावरच्या माणसाने 'इथं नाही थांबायचं' म्हणून बाहेर काढले. त्याचे काहीच चुकले नाही. रात्री पाण्याकाठी गाडीचे दिवे, जनरेटरची घरघर आणि पोरांची गाणी चालवून घ्यायची तर त्याला अभयारण्य म्हणायचेच कशाला? पण मग थांबायचे कुठे? राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्या उभ्या करायला जागा, पाणी, वीज, सगळे त्यात आहे. कागदावर. आम्हाला शेवटी एका ओळखीच्या शेतकऱ्याने कांद्याच्या चाळीपुढे जागा दिली. निफाडची थंडी, त्यात सिंगल फेज. गाडीतला हीटर लावताच त्याच्या घरचे दिवे मिणमिणले. बिचारा बोलला काही नाही, फक्त दोन घोंगड्या आणून दिल्या.

खरा प्रकार सकाळी झाला. गाडीतल्या संडासाची टाकी भरली. भावाने भाड्याने देणाऱ्यांना फोन लावला. त्यांचे उत्तर मी स्पीकरवर माझ्या कानांनी ऐकले : 'त्यात काय एवढं सर, कुठेही मोकळ्या जागेत सोडा, कॅनॉल असेल तर बेस्ट.' बेस्ट! नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांचे पाणी खाली कोपरगाव, वैजापूरकडे जाते, लोक ते पितात. ड्रायव्हरने तोवर कालव्याचा रस्ता विचारूनही घेतला होता. मी आडवा उभा राहिलो. भाऊ म्हणाला, मग काय डोक्यावर घेऊन जायची का? जवळपास तसेच झाले. टाकी भरलेलीच घेऊन नाशिकला आलो आणि ती आमच्या सोसायटीच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, माझ्या हाताने, नाकाला रुमाल बांधून ओतली. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर : 'बाहेरील घाण सोसायटीत आणू नये, अन्यथा दंड.' दंड भरला आहे, पावती आहे. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीतून रोज कुंड्यांचे चिखलपाणी खालच्यांच्या कपड्यांवर सोडतात, त्यांना आजवर नोटीस नाही, पण तो विषय वेगळा.

तुमच्या लेखकमहाशयांच्या टाकीचे काय झाले? हजार-बाराशे शब्दांच्या लेखात कॉफीच्या मगला एक आख्खा परिच्छेद आहे, टाकीला एक ओळ नाही. ते पाण्याकाठी दोन रात्री राहिले म्हणतात. मग ती कुठे रिकामी केली, एवढे विचारून छापा. सिंहस्थ तोंडावर आहे. असे लेख वाचून चार गाड्या जरी तिकडे वळल्या तरी चाळीपुढची जागा कितींना पुरणार? गोदावरीतून वाहत येणाऱ्या पाणवेलीने आधीच तिथे काय होऊन बसले आहे ते सायखेड्याच्या लोकांना विचारा. टाकी रिकामी करायची एक पक्की जागा निफाडला किंवा नाशिकला, अभयारण्यापासून लांब, झाली की मग खुशाल आमंत्रणे द्या. मीच भावाला पुन्हा बोलावीन.

जाता जाता : पहिल्या छायाचित्राखाली 'फ्लेमिंगोंचा थवा' असे छापले आहे. ते चित्रबलाक आहेत. चोच लांब, पिवळी आणि टोकाशी किंचित खाली झुकलेली, गुलाबी रंग फक्त शेपटीजवळच्या पिसांत. फ्लेमिंगोची चोच मधूनच मोडल्यासारखी वाकलेली असते. दुरुस्ती छापावी. मागच्या वेळी छापली होती तशी छोट्या जाहिरातींच्या खाली नको, पुरवणीतच छापावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिकरोड