रोप लावायच्या आधी उतार बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात, इतके लाख रोपं लावली, अमक्यांच्या हस्ते लावली, बस. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत तर राज्यात ५० कोटी झाडांचं टार्गेट होतं. पण कुठलं रोप कुठे लावलं हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी परतवाड्याचा, आमच्या डोक्यावरच मेळघाट. चिखलदऱ्याचा घाट चढताना नीट बघितलं तर कळतं की मिश्र जंगलात झाडं कशीही उगवलेली नसतात. वरती डोंगरमाथ्याच्या खडकाळ धारेवर, जिथे माती वीतभरही नाही, तिथे सालई आणि मोवई. उतारावर जिथे पाणी मुरतं पण साचत नाही तिथे साग, कारण सागाच्या मुळाशी पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही. खाली चिकण ओलसर माती लागली की ऐनाची झाडं, आणि नाल्याच्या काठाने अर्जुन, जांभूळ. डोंगराची दक्षिणेकडची बाजू जास्त ऊन खाते, लवकर वाळते, म्हणून तिथलं जंगल विरळ आणि उत्तरेकडचं त्यामानाने दाट. त्यात उन्हाळ्यातला वणवा, साग जळाला तरी बुडापासून परत फुटतो पण पातळ सालीची बाकीची कोवळी रोपं मरून जातात, म्हणजे कोणाच्या शेजारी कोण वाढणार हे आगसुद्धा ठरवते. एखादं जुनं झाड पडून वर उजेड मोकळा झाला की तिथे उन्हाची रोपं घोळक्याने येतात, रांगेत नाही.

आणि आपण काय करतो, दोरी धरून सारख्या अंतरावर खड्डे आणि धारेपासून नाल्यापर्यंत नर्सरीत जे असेल ते एकच रोप! मग वरचे वाळतात, खालचे कुजतात, आणि नाव पावसाचं. सगळ्यात वाईट वाटतं ते खड्ड्यांसाठी आपोआप आलेली तेंदू-धावड्याची पिल्लं साफ करतात तेव्हा, ती तर त्याच मातीने निवडलेली असतात ना.

माझं म्हणणं एवढंच की खड्डे खोदायच्या आधी उन्हाळ्यात माती किती खोल आहे, उताराचं तोंड कुठे, पाणी कुठे थांबतं हे बघा आणि तशी रोपं मागवा, मोवई तर फांदी रोवली तरी लागते. आणि तुमच्या वार्ताहरांनाही विनंती, पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन धारेवरचे किती जगले आणि नाल्याकाठचे किती, हे वेगवेगळं विचारून छापा.

आपला,
एक वाचक, परतवाडा