पंखा बंद झाला की झोप का मोडते?

महोदय,

थंडीत पंखा बंद झाला की हॉर्न, कुत्र्यांचे भुंकणे, लिफ्टचे दार असे सगळे एकदम ऐकू येऊ लागते. एरवी पंख्याची घरघर ते झाकत असते. सतत एकसारखी सळसळ करणारे छोटे साउंड मशीन हेच काम करते. शांततेतून आवाज अचानक उसळला की कान जागा होतो. मागे संथ सळसळ चालू असेल तर तोच हॉर्न तितका टोचत नाही.

मात्र पुष्कळ घरांत यंत्र उशीला खेटून आणि मोठ्याने लावलेले दिसते. ते खिडकीच्या बाजूला, डोक्यापासून निदान दीड मीटरवर ठेवावे. आवाज शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावा आणि बाहेरचा गलका पुसट झाला की थांबावे. उशीजवळ मोबाइलच्या डेसिबल मीटरवर आकडा ५० च्या आत हवा. तान्ह्या बाळासाठी तर फारच जपावे. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या चाचणीत बाळांसाठीची १४ यंत्रे पूर्ण आवाजात मोजली होती. ३० सेंटिमीटरवर त्यांतली तीन ८५ डेसिबलच्याही पुढे गेली. पाळण्यापासून सात फूट अंतर ठेवावे, आवाज कमीत कमी.

‘व्हाइट नॉइज’ म्हणजे सगळ्या पट्ट्या सारख्याच जोराच्या असलेला आवाज; त्याचा फसफसाट कानाला तिखट लागतो. ‘पिंक नॉइज’मध्ये वरच्या पट्टीचा जोर कमी, म्हणून तो रात्रभर सुसह्य. पावसाचे रेकॉर्डिंग छोटे असेल तर पुन्हा पुन्हा येणारा तोच थेंब मेंदू ओळखतो आणि त्याची वाट पाहू लागतो. अर्ध्या तासाचा टायमर लावू नये, पहाटे तीनचा ट्रक मग उघडाच ऐकू येतो. वीज जात असेल तर बॅटरीचे यंत्र घ्यावे. सळसळ अचानक थांबली तरी जाग येते. मोबाइलवर लावायचे तर फाइल उतरवून फ्लाइट मोडवर, नाहीतर मध्येच जाहिरात किंचाळते.

डीजेच्या ठोक्यांवर मात्र हा उपाय नाही. यंत्राच्या दोन-तीन इंची स्पीकरमधून तो खर्ज निघतच नाही, मग झाकणार कशाने? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे; अशा वेळी ११२ वर तक्रार करावी.

आणि यंत्र घेण्याआधी सरकत्या खिडकीची झिजलेली ब्रश-पट्टी बदलून पाहावी. बोट फिरवल्यावर फटीतून वारा लागला, तर आवाजही तिथूनच येतो आहे.

– एक वाचक, ठाणे