फातिमा म्हणजे फक्त 'पवित्र मुलगी' नाही

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत मुलींच्या नावांची यादी आली, त्यात फातिमापुढे 'पवित्र मुलगी' एवढंच छापलंय ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. हे नाव अरबीतल्या 'फतम' वरून आलंय, फतम म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं आणि फातिमा म्हणजे दूध तोडणारी. इतका आईपणातला अर्थ आहे हो, तो सोडून असं गुळगुळीत काहीतरी का द्यायचं?

नाव इस्लामच्याही आधीचं. पैगंबरांच्या आजीचं नाव फातिमा, पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्या आईचंही फातिमाच. पण घराघरात गेलं ते पैगंबर आणि खदीजा यांच्या लेकीमुळे. बीबी फातिमा मदिनेत स्वतः जातं ओढायच्या, हाताला घट्टे पडले म्हणून वडिलांकडे कामाला माणूस मागायला गेल्या तर वडील म्हणाले झोपताना ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहू अकबर म्हणत जा, ते नोकरापेक्षा बरं. ही तस्बीह, म्हणजे हा जप, आजही त्यांच्याच नावाने ओळखतात, नमाज झाल्यावर बोटांच्या पेरांवर मोजत म्हणणाऱ्या बायका तुम्हाला कुठेही दिसतील.

तुर्कस्तानात हेच नाव फात्मा होतं, सेनेगलला फातू. इजिप्तवर राज्य केलेल्या फातिमी खलिफांनी तर घराण्यालाच हे नाव लावलं. मोरोक्कोत फेस शहरातली अल-करावियीन मशीद, आज तिथे विद्यापीठ आहे, ती ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईने वारशाच्या पैशातून बांधली असं परंपरा सांगते. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे, तिथे १९१७ मध्ये तीन मुलांनी मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं, म्हणून गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही फातिमा सापडते.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये आजारपणात नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात फातिमाला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही अशा अर्थाचं वाक्य आहे. सावित्रीबाईंच्या मागे शाळेचा भार उचलणारी बाई! मला हे वाक्य फार जवळचं वाटतं.

पुढच्या यादीत कृपया नावाचं मूळ नीट तपासून द्या, आणि जागा असेल तर जैनब, मरियम, सकीना यांच्याबद्दलही दोन-दोन ओळी छापा, आमच्यासारख्या वाचकांना आनंद होईल.

एक वाचक, सातारा