तेराव्या राऊंडचा हिशेब

अमळनेर,
12 ऑगस्ट 2025

प्रिय मित्रा,

कानबाईचं विसर्जन करून बोरी नदीवरून परत आलो आणि तू लगेच सुरतची गाडी धरलीस. आपला वाद ओट्यावर तसाच राहिला. आदल्या रात्री आत बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या आणि बाहेर आपण दोघं, हेवीवेट म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाच्या बॉक्सिंगमध्ये युक्रेनचा उसिक मोठा की जुन्या काळचा अमेरिकन मार्सियानो, यावरून आवाज चढवून बसलो होतो. उठता उठता तू म्हणालास, "चोवीस लढतींचा गडी तू एकोणपन्नासवाल्याच्या पंगतीत बसवतोस? आते तुना काय म्हननं शे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आठ दिवस तेच मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुझा मार्सियानो घेऊ. 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट. हा आकडा कोण नाकारेल? पण 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटकडून त्याने हेवीवेटचा जागतिक किताब घेतला, ती लढत आठव. पहिल्याच राऊंडमध्ये मार्सियानो खाली गेला होता. बारा राऊंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेराव्यात मार्सियानोचा तो आखूड उजवा ठोसा जबड्यावर बसला आणि वॉलकॉट दोराला लागून खाली घसरला. आता हीच लढत आजच्या बारा राऊंडच्या नियमाने लावून बघ. किताब वॉलकॉटकडेच राहतो आणि तुझ्या 49 विजयांपुढच्या हारींच्या शून्याचा एक होतो.

जो लुईचंही तसंच. 18 जून 1941, न्यूयॉर्क. समोर बिली कॉन, वजनाने कितीतरी हलका, पण पाय असे की लुईला सापडतच नव्हता. बारा राऊंडनंतर दोन पंचांकडे कॉन पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्यात कॉन लुईला पाडायलाच गेला आणि स्वतः पडला. बारालाच घंटा वाजली असती, तर 1937 ते 1949 हा लुईचा अखंड काळ आणि 25 वेळा राखलेला किताब मधूनच तुटला असता.

राऊंड कमी झाले त्यामागे एक जीव आहे, हे तुला ठाऊक आहे. 1982 साली कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीशी चौदाव्या राऊंडपर्यंत लढला आणि काही दिवसांत दवाखान्यातच वारला. मग एकेका संघटनेने पंधराचे बारा केले. योग्यच केलं. पण जुन्यांची आजच्यांशी तुलना करताना हे तीन राऊंड विसरून चालत नाही.

तू म्हणशील, मग तर माझंच खरं! जुने पंधरा राऊंडचे, हा बाराचा. इथेच माझं तुझ्याशी पटत नाही. कारण उसिक मुळात उशिरा पेटणारा गडी आहे.

18 मे 2024, रियाध. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, वजन साधारण 119 किलो. उसिक सहा फूट तीन, साधारण 101 किलो. मधल्या राऊंडमध्ये फ्युरी खालून अपरकट घालत होता, पोटावर मारत होता, आणि मला वाटलं, झालं, गडी संपला. आठव्यात मात्र फ्युरीच्या नाकातून रक्त आलं. आणि मग नववा. हा राऊंड पुन्हा पाहशील तेव्हा हात पाहू नकोस, पाय पाहा. उसिक डावखुरा, म्हणून त्याचा उजवा पाय पुढे. ते पाऊल तो फ्युरीच्या डाव्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला ठेवतो. एवढ्या एका वितीने फ्युरीचा उजवा हात लांब पडतो आणि उसिकचा डावा थेट तोंडासमोर येतो. तसे डावे ठोसे एकामागून एक बसले आणि 119 किलोचा माणूस या दोराकडून त्या दोराकडे भेलकांडत गेला. दोर नसते तर जमिनीवरच आला असता. रेफरीने तो पडलाच असं धरून उभ्याउभ्या मोजलं आणि घंटा झाली.

आता वही घे. दोन पंचांनी उसिकला दिली, 115-112 आणि 114-113. तिसऱ्याने फ्युरीला, 114-113. राऊंड जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण असतात; त्या मोजणीमुळे नवव्यात फ्युरीला नवाऐवजी आठ गुण मिळाले. तो एक गुण त्याला परत दे. पहिला कागद होतो 115-113 उसिककडे, दुसरा 114-114, तिसरा 115-113 फ्युरीकडे. लढत बरोबरीत. लेनॉक्स लुईसनंतर, म्हणजे 1999 नंतर, पहिल्यांदा हेवीवेटचे सगळे पट्टे, म्हणजे सगळ्या संघटनांचे किताब, एका माणसाकडे आले ते त्या दोन-तीन ठोशांवर, आणि तेही नवव्या राऊंडमध्ये, आधी मार खाऊन झाल्यावर. असा माणूस पंधरा राऊंडच्या काळात कमी पडला असता, असं तुला खरंच वाटतं?

मला अण्णांनी नेलेली ती यात्रेतली दंगल आठवते. तू माझ्या शेजारी बसला होतास, आपण दुसरी-तिसरीत असू. शेवटच्या कुस्तीला एक ढेरपोट्या, दांडगा पैलवान आणि समोर आपल्या गावाकडचा काटकुळा. दांडगा सारखा मानेवर रेटा देत होता, आणि हा नुसता बाजूला सरकत होता. लोक ओरडत होते, "अरे, भिड ना!" अण्णा मात्र काही बोलेनात. मग दांडग्याने कमरेवर हात ठेवले. एकदाच, श्वास घ्यायला. अण्णांनी माझा खांदा दाबला आणि म्हणाले, "आते देख." काटकुळ्याने वाकून मूठभर माती उचलली, हाताला चोळली, आत शिरून पट काढला आणि दांडगा चितपट. रियाधचा नववा राऊंड बघताना माझ्या खांद्यावर तोच हात आला. अण्णा असते तर त्यांनाच आधी फोन केला असता.

आता माझी दुबळी बाजूही तुला सांगतो, कारण ती तूच मला शिकवलीस. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरीने 2014, 15 आणि 16 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली, तेव्हा मी नाचत होतो. नरसिंग यादवने आधीच्या तीन वर्षांत तेच केलेलं. कोण मोठा विचारलं तर तू म्हणालास, "आकडा सोड, समोर कोण होतं ते सांग." तोच प्रश्न उसिकला लावला की मलाही अडखळायला होतं. हेवीवेटमध्ये त्याच्या लढती फक्त आठ. त्यातल्या सहा तीनच माणसांशी: जोशुआ, फ्युरी आणि डुब्वा, प्रत्येकाशी दोनदा. सहाही जिंकला, आणि गेल्या महिन्यात वेम्बलीला डुब्वाला पाचव्यातच संपवलं, तेही अडतिसाव्या वर्षी. तरी माणसं तीनच. मुहम्मद अलीच्या यादीत लिस्टन, फ्रेझियर, नॉर्टन, फोरमन. आणि 1967 ते 1970, म्हणजे पंचविशी ते अठ्ठाविशी, पायात सगळ्यात जास्त ताकद असायची ती वर्षं त्याला रिंगबाहेर काढावी लागली. त्या सगळ्यानंतर किन्शासात फोरमनला पाडलेला आठवा राऊंड आणि मनिलात फ्रेझियरशी चौदा. याच्या वर मी कोणालाच ठेवू शकत नाही.

पण 'अलीने उसिकला हसत हसत हरवलं असतं,' हे तुझं वाक्य मागे घे. 1966 साली फ्रँकफर्टला कार्ल मिल्डेनबर्गर समोर आला. हेवीवेटच्या किताबासाठी उतरलेला तो पहिला डावखुरा. अली तेव्हा ऐन भरात होता, तरी त्याला थांबवायला बारावा राऊंड लागला. मिल्डेनबर्गरच्या जागी उसिक ठेव आणि मला सांग.

माझं मत असं: अली आणि लुई वर. त्यांच्या खालच्या पायरीवर उसिक, होलीफिल्डच्या जोडीला आणि माझ्या मते बोटभर पुढे. क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचे, सगळे पट्टे आणि मग हेवीवेटचे सगळे, हे या दोघांनीच केलं. पण उसिकच्या खात्यात अजून एकही हार नाही. आणि मार्सियानो? 84 किलोचा माणूस. आजच्या हिशेबाने तो क्रूझरवेट, आणि त्या वजनात 2018 साली उसिक मॉस्कोला जाऊन चारही पट्टे घेऊन आला होता. तिथे त्यांची गाठ पडली असती तर मी उसिकवर पैज लावली असती. बारा राऊंडची लाव, नाहीतर पंधराची.

दिवाळीला चार दिवस काढून ये. तोवर मळ्यात भरताची वांगी निघालेली असतील, कळण्याच्या भाकरी आई करते म्हणालीये. रात्री ओट्यावर मोबाइल ठेवू, आवाज बंद करू आणि नववा राऊंड फक्त पायांकडे बघत पाहू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
ओट्यावरचा मित्र