प्रदेशाध्यक्ष निवडण्याचा हक्क प्रदेशानेच वापरावा

महोदय,

हर्षवर्धन सपकाळ यांची महाराष्ट्र प्रदेश काँग्रेस समितीच्या अध्यक्षपदी नेमणूक झाल्याचे राज्यातल्या कार्यकर्त्यांना फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीहून निघालेल्या पत्रकावरून कळले. त्याच्या चार वर्षे आधी नाना पटोले यांचे नावही असेच दिल्लीहून आले होते, आणि त्यांच्या आधी बाळासाहेब थोरात व अशोक चव्हाण यांचेही. बुलडाणा जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद आणि पुढे आमदारकी सांभाळलेल्या सपकाळ यांच्या योग्यतेवर मला बोट ठेवायचे नाही. खुली निवडणूक झाली असती तर कदाचित तेच निवडूनही आले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की राज्यातल्या पक्षाचा प्रमुख राज्यातल्या सभासदांनी मत देऊन निवडावा आणि पक्षाच्या घटनेने जो हक्क त्यांना दिला आहे तो त्यांनी दर वेळी दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये.

घटनेतली रचना साधी आहे. प्रत्येक ब्लॉकमधून, म्हणजे पक्षाच्या स्थानिक घटकातून, प्रदेश प्रतिनिधी निवडून यायचा, या प्रतिनिधींची मिळून प्रदेश समिती व्हायची आणि या समितीने आपला अध्यक्ष निवडायचा. प्रत्यक्षात घडते ते निराळेच. दिल्लीहून निवडणूक अधिकारी किंवा निरीक्षक येतात, बैठक बोलावली जाते, एक ज्येष्ठ नेते उठून प्रदेशाध्यक्ष नेमण्याचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना द्यावेत असा एका ओळीचा ठराव मांडतात, दुसरे अनुमोदन देतात, हात वर होतात, टाळ्या पडतात, आणि ज्या कामासाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून माणसे रात्रभर प्रवास करून आलेली असतात ते काम काही मिनिटांत आटोपते. सप्टेंबर २०२२मध्ये देशातल्या अनेक प्रदेश समित्यांनी असेच ठराव केले. त्यानंतर महिनाभरात, १७ ऑक्टोबर २०२२ रोजी, याच प्रदेश प्रतिनिधींनी राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी गुप्त मतदान केले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली, निकाल सर्वांनी मान्य केला आणि पक्षात कोठेही फूट पडली नाही. ज्या सभासदाच्या मतावर अखिल भारतीय अध्यक्ष ठरू शकतो, त्याच सभासदाला आपल्या राज्याचा अध्यक्ष निवडण्याइतकी समज नाही असे मानायचे काय?

प्रदेश समिती म्हणजे दिल्लीच्या कार्यालयाची शाखा, ही समजूत या पक्षात मुळात नव्हतीच. १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली, चार आणे वर्गणीचे सभासदत्व खुले केले आणि इंग्रजांनी आखलेले प्रांत बाजूला ठेवून भाषेच्या पायावर प्रांतिक समित्या उभ्या केल्या. मराठी भाषकांचे राज्य १९६०मध्ये झाले, पण महाराष्ट्राची प्रांतिक काँग्रेस त्याच्या चाळीस वर्षे आधीच मराठीत कारभार करू लागली होती. या संघटनेची ताकद काय होती ते डिसेंबर १९३६मध्ये खानदेशातल्या फैजपूरला दिसले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून तिथली सजावट केली, साने गुरुजींसारखे कार्यकर्ते खानदेशातल्या गावागावांतून त्यासाठी फिरले, आणि त्याच मंडपात शेतकऱ्यांच्या सारा आणि कर्जाच्या प्रश्नांवर ठराव झाला. एवढे काम उभे राहिले ते गावातल्या माणसाला ही संघटना आपली वाटत होती म्हणून.

वरून आलेला निर्णय निमूटपणे वाहण्याची किंमतही याच प्रदेशाने मोजली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, दिल्लीने मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य लादले, आणि १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पुरती वाताहत झाली. श्रेष्ठींचा शब्द आणि आपल्या गावातली माणसे यांच्या कात्रीत सापडलेल्या कार्यकर्त्यांची त्या काळातली अवस्था जुनी मंडळी अजूनही सांगतात.

पण आजच्या प्रथेचे मूळ मला १९७२नंतरच्या काळात दिसते. त्या वर्षानंतर पक्षांतर्गत निवडणुका थांबल्या त्या जवळजवळ वीस वर्षे, १९९२पर्यंत झाल्याच नाहीत. १९८० ते १९८८ या आठ वर्षांत महाराष्ट्राने अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री पाहिले. यातली १९८५ची घटना आमच्या सांगली जिल्ह्याला विसरता येणार नाही. पूर्वी स्वतः प्रदेशाध्यक्ष राहिलेले आणि तेव्हा मुख्यमंत्री असलेले वसंतदादा यांना विश्वासात न घेता प्रभा राव यांची प्रदेशाध्यक्षपदी नेमणूक झाली आणि दादांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रभाताईंचे कर्तृत्व कमी नव्हते. पुढे त्या राज्यपालही झाल्या. परंतु ज्या पदावरच्या नेमणुकीने राज्याचा मुख्यमंत्री घरी जातो, त्या पदाबाबत राज्यातल्या एकाही सभासदाला मत विचारले गेले नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मुंबईत पक्षाचे शताब्दी अधिवेशन भरले आणि तिथे राजीव गांधींनी सत्तेच्या दलालांवर कठोर टीका केली. ती टीका खरी होती. मात्र दलालाचा धंदा चालतो तो पद वरून मिळत असते म्हणून. ते खालून मतांनी मिळू लागले की त्याच्याकडे जायचे कारण उरत नाही.

२०२४मध्ये सांगलीनेच आणखी एक अनुभव दिला. लोकसभेची ही जागा आघाडीच्या वाटाघाटीत मित्रपक्षाकडे गेली, जिल्ह्यातल्या काँग्रेस कार्यकर्त्यांनी उघडपणे नाराजी सांगितली तरी उपयोग झाला नाही, आणि अखेर वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. जिल्ह्याला जे कळत होते ते वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोचलेच नाही. सभासदांच्या मतांवर निवडून आलेला अध्यक्ष त्या टेबलावर बसला असता तर त्याच्या शब्दाला वेगळे वजन आले असते, असे माझे मत आहे. त्याच वर्षी लोकसभेला १७पैकी १३ जागा जिंकणारा पक्ष काही महिन्यांत विधानसभेला १०१ जागा लढवून १६वर आला. या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष नेमणुकीच्या पद्धतीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण लोकसभेतल्या यशानंतर गावपातळीवर काय बदलते आहे, हे वर कळवणारी साखळीच शिल्लक नव्हती, एवढे नक्की.

निवडणुकीने गटबाजी वाढेल, पैसा चालेल, बोगस सभासद नोंदले जातील, असे आक्षेप घेतले जातात. ते मी हलके मानत नाही. पण गटबाजी नेमणुकीच्या पद्धतीतही भरपूर आहे. फक्त ती मतपेटीत न उतरता दिल्लीच्या फेऱ्यांत आणि लांबलचक कार्यकारिणीत उतरते, कारण प्रत्येक गटाला एखादे सरचिटणीसपद द्यावेच लागते. हरलेल्या उमेदवाराला निदान आपल्यामागे किती माणसे आहेत ते कळते. डावललेल्याला काहीच कळत नाही, आणि तो दुसऱ्या पक्षाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. इतर पक्षांचे चित्र फार निराळे आहे असेही नाही. भाजपमध्ये २०२५मध्ये प्रदेशाध्यक्षपदासाठी रीतसर अर्ज मागवले गेले, आणि अर्ज आला तो रवींद्र चव्हाण यांचा एकट्याचा. तरीही ज्या पक्षाने या देशाला प्रांतिक समितीची कल्पना दिली, त्याच्याकडून अपेक्षा जास्त ठेवणे मला गैर वाटत नाही.

म्हणून माझी विनंती प्रदेश समितीच्या सभासदांनाच आहे. ब्लॉकवार सभासदांच्या याद्या तालुक्याच्या ठिकाणी लावाव्यात आणि हरकतींसाठी मुदत द्यावी. बोगस नावांवर याहून चांगला उपाय नाही, कारण गावातला माणूस गावातल्या नावाला ओळखतो. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी गुप्त मतदानाने प्रदेश प्रतिनिधी निवडावेत आणि अध्यक्षपदाची निवडणूक २०२२च्या राष्ट्रीय निवडणुकीच्याच नियमांनी टिळक भवनात, म्हणजे पक्षाच्या मुंबईतल्या प्रदेश कार्यालयात, घ्यावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही की श्रेष्ठींची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी एका ओळीचा ठराव मांडला जाईल तेव्हा एका सभासदाने उभे राहून त्याला विरोध नोंदवावा आणि मतदानाची मागणी करावी, आणि ती इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

— एक वाचक, मिरज (जि. सांगली)