तिरळा डोळा ‘लकी’ म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात अडीच वर्षांची असताना तिचा उजवा डोळा नाकाकडे वळतोय असं दिसायला लागलं, आणि घरात काळजी सोडाच, तिरळं पोर लकी असतं म्हणून सगळे खूश, त्यात मीच पुढे. मोठी झाली की होईल सरळ म्हणत दीड वर्ष घालवलं. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली त्या दिवशी मी तिला लग्नाला घेऊन गेले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही गाडी, 2013 साली आपल्या पालघरपासूनच सुरू झालेली, पैसे लागत नाहीत, तरी आम्ही चुकवली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की तान्ह्या बाळाचे डोळे तीन-चार महिन्यांपर्यंत अधूनमधून इकडेतिकडे होतात ते ठीक, पुढे नाही. वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू घेतच नाही, घेतलं तर दोन-दोन दिसेल ना, आणि मग तो डोळा आळशी पडतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला, नंतर अवघड होत जातं.

तिचा नंबर निघाला प्लस साडेचार. चष्मा लावला की डोळा सरळ, काढला की परत आत, तर नातेवाईक म्हणे चष्म्यानेच बिघडवला! अहो, प्लस नंबरच्या पोरांना स्पष्ट दिसायला डोळ्यांवर जोर द्यावा लागतो, त्या जोराने डोळे आत ओढले जातात, चष्मा तेवढा जोर कमी करतो इतकंच. सगळ्यांचं चष्म्यावर भागत नाही, काहींना ऑपरेशन लागतं, पण त्यात डोळा बाहेर काढत नाहीत (मलाही तेच वाटायचं), बाहेरचे स्नायू सैल किंवा घट्ट करतात.

खरी परीक्षा पट्टीची. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. पहिला आठवडा नुसती रडारड, पट्टी ओढून फेकायची, मग मी मणी ओवायला बसवलं तेव्हा कुठे जमलं. पट्टीने डोळा सरळ होत नाही, नजर सुधारते, हे मलाच उशिरा कळलं.

आणि एक, फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसली तर लगेच डॉक्टर गाठा, क्वचित का होईना पण तो डोळ्याचा कॅन्सर असू शकतो.

शिक्षकांना विनंती, पट्टी लावलेल्या पोराला कोणी ‘चकणी’ म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा, आमची त्यापायी चार दिवस शाळेत गेली नाही. आता ती तक्त्यावर खालून दुसरी ओळ वाचते, पट्टी अजून चालू आहे.

– एक आजी, सातारा