शिशुवर्गातील लेखनाची घाई

महोदय,

माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवाच्या दुरेघी वहीत गेल्या महिन्यात ‘ग’ची तीन पाने गिरवलेली दिसली आणि खाली ‘अक्षर सुधारा’ असा लाल शाईतला शेरा होता. बालवाडीत अनेक वर्षे शिकवलेली शिक्षिका या नात्याने मला तो शेरा फार लागला.

मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांपैकी जेमतेम निम्मी तयार झालेली असतात. या वयाची पुष्कळ मुले खडू मुठीत धरतात आणि रेघ ओढताना सबंध हात हलवतात. बघून गोल काढणे साधारण तिसऱ्या वर्षी जमते, चौकोन चार-साडेचारला, तर तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. ‘ग’ची गाठ, दंड आणि शिरोरेषा दोन रेघांच्या मध्ये नेमकी बसवणे ही त्यापुढची गोष्ट आहे.

तरीही हे मूल लिहीतच असते. तोच नातू कागदभर रेघोट्या ओढून ‘हे आजोबांना पत्र आहे’ असे सांगतो, तेव्हा बोललेले कागदावर उतरते हे त्याला उमगलेले असते, आणि माझ्या मते लेखनातील सर्वांत अवघड पायरी हीच आहे. पुढे कधीतरी मूल ‘पान’ऐवजी ‘पन’ लिहिते. काना राहिला हे खरे, परंतु दोन्ही अक्षरे त्याने स्वतःच्या कानाने ओळखलेली असतात. तेथे लाल फुली मारण्यापेक्षा ‘काय लिहिलेस, वाचून दाखव’ असे म्हणावे.

बोटांत बळ येते ते शेंगा सोलून, कणकेचे गोळे वळून, मणी ओवून. आपल्याकडची धुळाक्षरेही बोटाने काढली जात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाचे साधन केले होते. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे घाईचे कारण उरलेले नाही.

‘किती अक्षरे आली?’ हा प्रश्न पालकसभेत आम्ही घरचेच विचारतो, त्यामुळे शिक्षिकांना एकट्यांना दोष देता येत नाही. शाळांनी निदान शिशुवर्गातून दुरेघी वह्या काढून टाकाव्यात आणि त्याऐवजी कोरे कागद व जाड खडू द्यावेत, एवढी विनंती आहे.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा